हिवाळेताईंचं काऊन

हिवाळेताई सर्व्हरची फाइल तपासायला बसल्या की ऑफिसातला पंखा बंद करावा लागे, कारण त्यांच्या वहीची पानं उडत. बुलडाणा थंड हवेचं गाव असल्याचं आम्हीही लहानपणापासून ऐकत आलोय, पण एप्रिलात पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्याला ती हवा सापडत नाही. आम्ही पाच जण रुमालाने मान पुसत बसायचो. ताई मात्र पदर खोचून, डाव्या हाताचं बोट स्क्रीनवरच्या ओळीखाली धरून शांतपणे वाचत असायच्या. बोट लावून लावून त्या स्क्रीनच्या मधोमध एक पुसट पट्टा उमटला होता. नवीन स्क्रीन आणून देतो म्हणून मालक नितीनभाऊ दोनदा म्हणाले. ताईंनी दोन्ही वेळा नको म्हटलं.

ऑफिस चिखली रोडला, खताच्या दुकानाच्या वर होतं. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, व्यापारी अशांच्या वेबसाइटी आणि ॲप आम्ही करायचो. मी प्रोग्राम लिहायचो. लिहिलेलं लोकांसमोर न्यायच्या आधी सर्व्हरवर एक सूचनांची फाइल नीट लावावी लागते. कोणत्या नावाने कोणी आलं तर कोणतं पान दाखवायचं, कोणता फोल्डर लोकांना दिसू द्यायचा, कोणता झाकून ठेवायचा, किती मोठा फोटो आत घ्यायचा, असलं सगळं त्यात असतं. चाळीस-पन्नास ओळींचा कारभार. ती तपासायची एक तयार आज्ञाही असते. ती दिली की सर्व्हर ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो आणि बाकी जगातली माणसं चहाला जातात.

ताई जात नसत. त्या म्हणायच्या, “ओके म्हंजे कंस जुळले. मतलब जुळला का, ते त्याले काय मालूम?”

मग वही निघायची. शाळेची असते तशी दोनशे पानी, रेघांची. पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे त्या फाइलमधली ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि उजवीकडे ती ओळ तिथे का आहे ते मराठीत लिहायचं. उजवीकडच्या रकान्याला त्यांनी मथळा दिला होता, ‘काऊन’, म्हणजे आमच्याकडचं ‘का’. ज्या ओळीचं काऊन लिहिता येत नाही, ती ओळ लाइव्ह जाणार नाही. हा नियम त्यांनी कुणाला विचारून केला नव्हता, आणि नितीनभाऊंनाही तो मोडता आला नाही.

त्या मूळच्या धाड गावच्याच, आणि दिलेल्याही धाडमध्येच. रोज जीपने येणं-जाणं. ऑफिसात त्या आल्या होत्या टायपिंगच्या कामाला. पुढे सर्व्हर सांभाळणारा मुलगा पुण्याला नोकरी लागली म्हणून एका आठवड्यात निघून गेला आणि जाताना एक कागदही लिहून ठेवला नाही. तेव्हा त्याने सर्व्हरवर ठेवलेली फाइल ताईंनी वहीत उतरवून काढली आणि एकेका ओळीचा अर्थ शोधत बसल्या. त्या पहिल्या वहीत उजवीकडे कितीतरी ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. तीन महिन्यांनी त्यातली बहुतेक चिन्हं खोडलेली होती. एवढं त्यांचं शिक्षण. मी नंतर इंजिनिअरिंग करून तिथे लागलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मला देता आलं नाही.

नियम आणखीही होते. दुपारी चारनंतर काही नवं लाइव्ह करायचं नाही. त्याचं कारण त्या सरळ सांगत. साडेपाचला त्यांची जीप असे, आणि जीपमध्ये त्यांना मांडीवर कुणाचं तरी लेकरू घेऊन बसावं लागे. तपासून झाल्यावर फाइलला कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा. आणि आपल्या ऑफिसातल्या इंटरनेटवर चाललं म्हणजे चाललं, असं धरायचं नाही, हा तिसरा.

तिसऱ्या नियमासाठी त्यांची ठरलेली प्रयोगशाळा म्हणजे तीच जीप. एकदा एका कॉलेजचा प्रवेश-अर्ज आम्ही तयार केला होता. दाखल्याचा फोटो जोडायची सोय त्यात होती. मी पंधरा वेळा फोटो जोडून पाहिला होता आणि पंधराही वेळा जोडला गेला होता. ताईंनी घरी जाताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका मुलीला तो अर्ज तिच्या मोबाइलवरून भरायला लावला. मुलीने दाखल्याचा फोटो तिथेच काढला, मागच्या बाकावरच्या दोन बायांनी दाखल्याची दोन टोकं ताणून धरली. फोटो काही जोडला जाईना. ड्रायव्हरने रेंज येते त्या चढावर मुद्दाम गाडी हळू केली, तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. मी कुठला फोटो जोडून पाहिला होता, असं त्यांनी विचारलं. माझ्या कॉम्प्युटरवर एक छोटासा गुलाबाचा फोटो पडलेला होता, तोच मी पंधरा वेळा जोडला होता. खऱ्या मोबाइलचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा निघतो आणि एवढी मोठी फाइल आत घ्यायची परवानगी सर्व्हरच्या फाइलमध्ये दिलेलीच नव्हती. ओळ एकच घालायची होती. ताईंनी ती वहीत उतरवली आणि समोर काऊनमध्ये लिहिलं, ‘लोक गुलाब जोडत नाहीत.’

आमच्या ऑफिसात हे वाक्य पुढे म्हणीसारखं झालं.

पुण्याच्या मंडळींची गोष्टही सांगायला हवी. तिथल्या एका कंपनीने केलेलं ॲप आमच्या सर्व्हरवर चढवायचं होतं. त्यांची फाइल आली आणि ताईंनी नेहमीसारखी ती वहीत उतरवायला घेतली. मग सगळे जण व्हिडिओ कॉलवर बसलो. तिकडून चार जण, इकडून ताई, नितीनभाऊ आणि मी. ताई एकेक ओळ वाचत आणि विचारत. ऑफिसात असो की पुण्याच्या माणसांपुढे, त्यांच्या बोलण्यात कधी फरक पडला नाही. अकराव्या ओळीला त्यांनी विचारलं, “ही ओळ इथं काऊन ठेवली?”

तिकडे कुणाचा तरी माइक चालू राहिला होता. हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ कुणीतरी हळूच ‘काऊन’ म्हणून नक्कल केलेलीही. नितीनभाऊंचा चेहरा उतरला. मला कान गरम झाल्यासारखं वाटलं, कारण मीही इकडचाच, धामणगाव बढ्याचा, आणि पुण्यात शिकताना हे हसू मी चार वर्षं ऐकलं होतं. ऐकून ऐकून मी माझी भाषा बदलून टाकली होती. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कोनाले हसू आलं त्यानंच सांगा,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वर्गात बाईंनी विचारावं तसं विचारलं होतं.

मग त्यांची प्रमुख, सायली नावाची एक मुलगी, म्हणाली की बघून सांगते. तिने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. ती ओळ तिथे का आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कंपनी सोडून गेलेल्या कुणीतरी ती घातली होती आणि तेव्हापासून प्रत्येक कामात ती तशीच नकलून येत होती. नीट पाहिल्यावर कळलं की पत्त्याच्या आधी डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावून येणाऱ्या प्रत्येकाला ती ओळ एका जुन्या, बंद पडलेल्या साइटकडे पाठवत होती. तसंच लाइव्ह केलं असतं तर निम्मे लोक बंद दारावर डोकं आपटून परत गेले असते. सायलीने तिथल्या तिथे माफी मागितली, ओळीची आणि हसण्याची, दोन्हींची. ताई म्हणाल्या, चालते, पुढची ओळ घेऊ.

महिनाभराने सायलीने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘काऊन?’ लिहिलेलं होतं आणि खाली सगळे उभे होते. ताईंनी तो फोटो पाहिला आणि ऊ तरी दीर्घ लिहिला, असं म्हणून मोबाइल माझ्याकडे परत दिला. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो पुन्हा मागून घेतला आणि नवऱ्याला पाठवला. त्या दिवसापासून मीही कॉलवर माझ्या घरच्या भाषेत बोलायला लागलो. हे मी ताईंना कधी सांगितलं नाही, पण त्यांच्या लक्षात आलं असणार.

ताईंच्या हातून चुका होतच नसत, असं मात्र नाही. एक झाली, आणि ती त्यांनीच गावभर सांगितली.

साखरखेर्ड्याला एका मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा होता. आयत्या वेळी जागा बदलली. जुन्या जागेच्या पानाची लिंक आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलेली. म्हणून ती लिंक उघडली की नव्या जागेचं पान दिसावं, अशी ओळ ताईंनी शुक्रवारी फाइलमध्ये घातली. वहीत उतरवली, तपासली. फक्त बदललेली फाइल पुन्हा वाच, असं सर्व्हरला सांगायचं राहून गेलं. ते सांगेपर्यंत सर्व्हर जुन्याच सूचनांवर चालतो. रविवारी सकाळी सात वाजता, मेळाव्याच्याच दिवशी, ताईंनी घरी सहज लिंक उघडली तर जुनी जागा समोर.

दोन मिनिटांत त्यांनी दुरुस्ती केली, मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणाले, काही हरकत नाही, आम्ही तिकडे माणूस उभा करतो. दुसरं कुणी असतं तर तिथे थांबलं असतं. ताई धाडहून चिखली, चिखलीहून साखरखेर्डा अशा दोन गाड्या बदलून साडेदहाला त्या जुन्या जागेवर, म्हणजे एका शाळेच्या मैदानावर पोचल्या. मंडळाचा माणूस चहाला गेलेला. मग छत्री उघडून ताई स्वतः फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून, चूक आमची झाली, मेळावा त्या तिकडच्या हॉलमध्ये आहे, असं सांगत राहिल्या. बारा वाजेपर्यंत.

पण त्या पोचायच्या आधीच दोन कुटुंबं आलेली होती. एक लोणारकडचं, एक मेहकरकडचं. मैदानात कुणीच नाही म्हटल्यावर दोन्ही कुटुंबं लिंबाखाली बसली, एकाकडे धपाटे होते, दुसऱ्याकडे दही. ताई त्यांना पत्ता सांगायला गेल्या तेव्हा मुलगा-मुलगी बाजूला उभे राहून बोलत होते आणि मुलीचा बाप ताईंना म्हणाला, “बाई, आता तिकडं जाऊन काय करावं? बसा, तुम्ही पन खा.”

त्या दोघांचं लग्न झालं. पत्रिका ताईंच्या नावाने ऑफिसात आली. आम्ही सगळ्यांनी टेबल वाजवलं आणि नितीनभाऊंनी पेढे आणले. ताईंनी पेढा खाल्ला, आणि वही काढून त्या ओळीसमोर लिहिलेलं सगळ्यांना दाखवलं. ‘चूक माझी. फाइल तपासली, सर्व्हरले सांगतलं नाही.’ लग्न जमलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाला मात्र त्या सगळ्यांत आधी गेल्या.

आता जी गोष्ट सांगतो, तिच्यात चूक माझी होती.

जिल्ह्यातल्या एका दवाखान्यासाठी आम्ही ॲप केलं होतं. पेशंटला रक्त-लघवीचे रिपोर्ट मोबाइलवर बघता यावेत, रिपोर्टसाठी खेड्यावरून पुन्हा हेलपाटा पडू नये, म्हणून. उद्घाटन मोठं ठेवलं होतं. हॉल, हार, मुख्य पाहुणे, आणि अकरा वाजता पाहुण्यांनी बटण दाबायचं. बटण दाबलं की ॲप सगळ्यांसाठी खुलं. ताईंनी आदल्या दिवशी दुपारी वही पूर्ण केली होती.

सकाळी नऊ वाजता मला शंका आली की जुने रिपोर्ट सगळे सर्व्हरवर आलेत की नाहीत. बघायला सोपं जावं म्हणून मी फाइलमध्ये एक ओळ घातली आणि सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगितलं. ती घातली की फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी ब्राउझरमध्ये दिसते. सगळे रिपोर्ट आलेले होते. मी खूश होऊन हॉलवर गेलो, खुर्च्या लावू लागलो, आणि ती ओळ काढायची विसरलो.

ताई मागून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना एक खोड होती. कुठलीही साइट असो, तिचा पत्ता त्या अर्धाच टाकून पाहायच्या. घराचा पत्ता अर्धवट माहीत असलेला माणूस कुठे पोचतो ते पाहावं, असं म्हणत. समोर दीपप्रज्वलन चाललं होतं तेव्हा त्यांनी मोबाइलवर रिपोर्टच्या फोल्डरपर्यंतचाच पत्ता टाकला. आणि समोर यादी आली. नावं, गावं, रिपोर्ट. कुणीही बोट लावावं आणि उघडावं.

मी स्टेजच्या बाजूला उभा होतो. ताई उठून माझ्याकडे आल्या आणि मोबाइल दाखवला. त्या यादीत धाडच्या एका बाईचं नाव त्यांनी वाचलं होतं, हे मला नंतर कळलं. ती कोण आणि रिपोर्ट कशाचा, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या वेळी एवढंच पाहिलं की त्यांनी पटकन स्क्रीन बंद केली आणि मोबाइल छातीशी धरला.

नितीनभाऊंना स्टेजवरून खाली बोलावलं. ते म्हणाले, पाच मिनिटांवर बटण आलंय, पाहुण्यांना कसं थांबवू, कार्यक्रम होऊ द्या, मग काढू, तेवढ्यात कोण बघतंय.

“भाऊ, यात लोकांच्या बाया-लेकींचे रिपोर्ट हायेत,” ताई म्हणाल्या. “दार लावल्याबिगर मी कोनाले आत येऊ देनार नाई. बटन दाबाले लावलं, तर मी माइकवर जाऊन सांगीन.”

त्या खरंच गेल्या असत्या. नितीनभाऊंनी एक श्वास घेतला आणि सूत्रसंचालकाच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढच्याच क्षणाला जाहीर झालं की बटण दाबण्याआधी मुख्य पाहुण्यांचे दोन शब्द ऐकू या. पाहुण्यांचा चेहरा उजळला.

ताईंना चार मिनिटं पुरली. स्टेजमागच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्यांनी ओळ काढली, तपासली, सर्व्हरला पुन्हा वाचायला सांगितलं. स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं. मग एका नर्सचा मोबाइल मागून त्यावर पाहिलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या वॉचमनच्या मोबाइलवरही. सकाळपासून त्या फोल्डरकडे आमच्याशिवाय कुणी फिरकलं होतं का, याची नोंद सर्व्हर ठेवतो, ती चाळली. कुणी नव्हतं. मग त्या रांगेत जाऊन बसल्या. पाहुण्यांचे दोन शब्द आणखी अर्धा तास चालले. त्यांनी आपलं बालपण, विहिरीत पोहणं, शाळेतला मार, सगळं सांगितलं. ताई शेवटपर्यंत मन लावून ऐकत होत्या आणि संपल्यावर सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

दवाखान्याच्या डॉक्टरांना त्याच दुपारी त्या आणि नितीनभाऊ जाऊन भेटले आणि झालेलं सगळं सांगितलं. “आपल्याकडून झालं,” असं ताई म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओळ मी घातली होती म्हणालो. त्या डबा पिशवीत ठेवत होत्या.

“ते मले तवाच समजलं,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट आले का नाई, हे पाहावं वाटलं तुले. माह्याही मनात तेच आलं असतं. पन फोन करून सांगतलं काऊन नाई, एवढंच इचारते मी.”

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली, पेन दिलं, आणि म्हणाल्या की ती ओळ तुझ्या अक्षरात लिहून ठेव. मी डावीकडे ओळ लिहिली. उजवीकडचा रकाना भरायला मला बराच वेळ लागला. ताईंची जीप त्या दिवशी चुकली आणि त्यांना नितीनभाऊंनी मोटारीने सोडलं.

पुढे दोन वर्षांनी सायलीच्या कंपनीने ताईंना बोलावलं. पुण्याला या असं नाही, घरी बसून काम करा, आम्ही लाइव्ह करायच्या आधी आमच्या सगळ्या फाइली तुम्ही बघा. ताईंनी आठ दिवस विचार केला. आमच्यापैकी कुणीच त्यांना थांबा म्हणालं नाही, म्हणवत नव्हतं इतकी ती गोष्ट चांगली होती. निरोपाच्या दिवशी भाषणं वगैरे त्यांनी करू दिली नाहीत. आम्ही सगळे गच्चीवर बसून वांग्याची भाजी आणि भाकरी जेवलो.

त्यानंतर फोन होत राहिले, भेट नव्हती. मागच्या हिवाळ्यात एका मित्राच्या घरी कार्यक्रम होता म्हणून मी धाडला गेलो. उन्हं उतरली होती. शाळेच्या मैदानाच्या कडेने चालत होतो तर समोरून एक निळी स्कूटी आली, वेडीवाकडी. चालवणाऱ्या बाईने हँडल दोन्ही हातांनी असं धरलं होतं की जणू बैलाची शिंगं. मागून एक कॉलेजची मुलगी पळत होती, ओढणी कमरेला बांधून, हसत हसत.

ताई होत्या. पंचेचाळिशी उलटलेली, चष्मा नाकावर घसरलेला, पदराचं टोक मागे फडफडत.

मी हात केला. त्यांनी मला पाहिलं, पण गाडी थांबली नाही. “गजानन, कधी आला बे?” एवढं म्हणून त्या पुढे निघून गेल्या. मैदानाला मोठा वळसा घालून परत येईपर्यंत मी तिथेच उभा. दुसऱ्या फेरीत त्या म्हणाल्या, “घरी चाल, चहा घेऊ,” आणि पुन्हा पुढे. तोवर त्यांची मुलगी धापा टाकत माझ्याजवळ येऊन थांबली होती. मी तिला विचारलं, आई थांबत का नाही?

“आजच शिकून राह्यली ना काका,” ती म्हणाली. “चालवनं आलं तिले. थांबवनं उद्या सांगतो म्हटलं होतं म्या.”

तिसऱ्या फेरीत ताई आमच्याकडे बघून मोठ्याने हसल्या आणि आणखी जोरात निघून गेल्या.